तिसरा रकाना

नामदेवराव रोज सकाळी सात वाजता वाऱ्याला फोन करत. म्हणजे करत विमानतळावरच्या हवामान कचेरीला, पण आम्ही पोरं असंच म्हणायचो. अंबाझरी तलावाकाठी शिडाच्या होड्यांचा आमचा छोटासा क्लब होता आणि नामदेवराव तिथले राखणदार. मूळ कुहीकडचे, धानाच्या शेतीतले. समुद्र जन्मात पाहिलेला नाही. व्हरांड्यातल्या काळ्या फोनमध्ये असे ओरडत, की कचेरीला फोनशिवायही ऐकू गेलं असतं, "साहेब, आज हवा कुठून येऊन राहिली?"

उत्तर मिळालं की ते फळ्यावर लिहीत. पहिल्या रकान्यात कचेरीचा वारा. मग खिशातून धानाची चिमूटभर फोलपटं काढून हवेत सोडत, ती कुठे जातात ते खळ्यावर धान उपणताना पाहावं तसं पाहत, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचा अंदाज लिहीत. "फोन इमानतळाची हवा सांगते गा. तुले नाव का इमानतळावर चालवाची आहे?"

तिसरा रकाना ते संध्याकाळी भरत. त्यात दिवसभर प्रत्यक्ष वाहिलेला वारा. होऊन गेलेल्या वाऱ्याचं काय लोणचं घालायचं, हे मला कळेना. एकदा विचारलंच.

"काहून म्हंजे? कोन खरं बोललं, ते पाहा नाई लागत?"

दुसऱ्या रकान्यात धोका दिसला, की ते काठावर लाल झेंडा लावत. मग कोणाचीही नाव पाण्यात जात नसे. एकदा कचेरी मंद वारा म्हणाली असताना त्यांनी झेंडा लावला आणि दुपारी वावटळीने शेडचे पत्रे उडवले. तेव्हापासून त्यांचा शब्द शेवटचा.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मुंबईच्या शर्यतीसाठी निवड करायला एक साहेब आले. एकच दिवस, संध्याकाळच्या गाडीने परत. वयाच्या अटीमुळे माझी ती शेवटची संधी होती. वर्षभर मी पहाटे उठून त्या तलावावर घाम गाळला होता. कचेरी म्हणाली, मंद वारा. नामदेवरावांनी फोलपटं सोडली. ती जागच्या जागी गोल फिरली, वावटळीच्या दिवशी फिरली होती तशी. त्यांनी लाल झेंडा लावला.

दिवसभर वारा इतका शहाण्यासारखा वाहिला, की बघवेना. मी काठावर बसून ढेकळं पाण्यात फेकत होतो. चार वाजता साहेब सामान आवरत म्हणाले, "तुमच्या कचेरीनं वादळ सांगितलेलं दिसतंय."

नामदेवरावांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण ते उठले, फळ्यापाशी गेले आणि साहेबांदेखत तिसऱ्या रकान्यात लिहिलं : वारा मंद. कचेरी बरोबर. नामदेव चूक.

साहेब गेले. नामदेवराव माझ्याजवळ आले. "तुह्यं नुकसान माह्याच्यानं झालं. मले लपवता आलं असतं. पण मंग उद्या झेंडा लावला तर तू काहून मानशीन?"

खरं सांगतो, पुढे दोन महिने मी त्यांच्याशी धड बोललो नाही. मुंबईला दुसऱ्याच गावची पोरं गेली. मग नोकरीने मी नागपूर सोडलं, आणि ते वारल्याचं मला पत्राने कळलं. त्यांना भेटून 'राग गेला' एवढं म्हणायचं राहून गेलं.

आता म्हातारपणी पुन्हा अंबाझरीकाठी राहतो. नातीने मोबाईलवर वारा बघायला शिकवलं आहे. दिशा, वेग, तासातासाचा अंदाज, सगळं बोटाखाली. ओरडावं लागत नाही. परवा सकाळी त्याने दुपारी जोराचा वारा सांगितला, म्हणून मी नातीला नाव काढू दिली नाही. ती फुरंगटून काठावर बसली. दिवसभर पान हललं नाही.

संध्याकाळी मी मोबाईल उघडला. सकाळी काय म्हणाला होता, ते त्याने पुसून टाकलं होतं.

मी नातीजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "बाई, आज माझं चुकलं."