भात्याचा चोरटा श्वास

भाता पितो, अशी कुजबुज बँडमध्ये सुरू झाली ती बागेतल्या त्या संध्याकाळनंतर. भर कार्यक्रमात त्याच्या उजव्या हातातून क्लॅरिनेट निसटलं, तोंड वाकडं झालं आणि ‘काही नाही’ एवढं म्हणतानाही जीभ अडखळली. थोड्या वेळाने सगळं जागच्या जागी आलं. पण दुसऱ्या दिवशी ढोलवाला ज्याला त्याला कोपर मारून सांगत होता, “दुपारीच उरकतो म्हणे!”

भाता हे नाव त्याला छातीने मिळवून दिलेलं. एकदा सूर लावला की टाळ्या वाजवणारे दमायचे, हा दमायचा नाही. घरात मात्र त्या छातीचा उपयोग शून्य. चहा गार करायलाही बायकोच फुंकर घालायची.

त्याच बायकोने त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. मानेतली डावी रक्तवाहिनी अरुंद झाली होती. मेंदूला रक्त कितपत कमी पडतंय ते एमआरआयमध्ये बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. “पुढच्या वेळी हात गेला, तर परत येईलच असं नाही.”

तपासणीच्या खोलीत यंत्र चालवणाऱ्या मुलीने त्याच्या पोटाला पट्टा बांधला, कानांवर हेडफोन चढवले.

“काका, मी सांगितलं की श्वास रोखायचा. मग मेंदूतल्या वाहिन्या रुंदावतात, रक्त वाढतं. जिथे वाढत नाही, तिथे गडबड.”

“श्वास? आणि तो तू मला शिकवणार?” भाता खूश. आजारपणातही टाळ्या घ्यायची सोय झाली होती.

‘रोखा’ ऐकू येताच त्याने ऐटीत गाल फुगवले. काचेपलीकडे पडद्यावर मात्र ढिम्म. डावीकडे फरक नाही, उजवीकडेही नाही. मुलीने त्याला बाहेर काढलं.

“काका, पट्टा हलतोय. तुम्ही श्वास घेताय.”

“मी? अगं, सबंध बँडला विचार!”

“अहो, घेताय!” बायको दारातूनच म्हणाली. “गाल फुगवून वाजवायचं आणि नाकाने हळूच हवा ओढायची. यांची सगळी कीर्ती त्यावर उभी आहे, बाई.”

“ती कला आहे,” भाता गुरगुरला.

“कला घरी ठेवा. हात हवाय ना?”

भात्याने उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली. मग निमूट पुन्हा आडवा झाला.

या वेळी त्याने प्रामाणिकपणे श्वास रोखला आणि बघता बघता कासावीस झाला. एखादं शाळकरी पोरही त्याच्यापेक्षा जास्त टिकलं असतं. पण काम झालं. मेंदूची उजवी बाजू पडद्यावर उजळली आणि डावी बसून राहिली, फुकट आलेल्या प्रेक्षकासारखी.

ऑपरेशन झालं, वाहिनी मोकळी झाली, भाता पुन्हा बागेत आपल्या खुर्चीवर बसला. ढोलवाला जवळ सरकला. “सोडलीस ना रे?”

“सोडली,” भाता मान खाली घालून म्हणाला आणि गाल फुगवले.

भात्याने दारूला कधी हात लावला नव्हता. आपण पितो, असं ढोलवाल्याला त्यानेच सांगितलं होतं. त्या बँडमध्ये पिणाऱ्याला सांभाळून घेत, आजाऱ्याची खुर्ची दुसऱ्याला देत.