सहा वाजताचं जेवण

शुभाताई गेली त्याला आज पाच आठवडे झाले. त्या सोमवारी सकाळी ऑफिसात मीटिंग चालू असताना तिच्या मुलाचा, निहारचा मेसेज आला. इंग्रजीत, दोनच ओळी. आई पहाटे गेली, हार्ट अटॅक, तुम्ही येऊ शकाल का. मी लॅपटॉप उघडा टाकून निघाले. ट्राममध्ये उगाच वाटत राहिलं, त्याने सगळ्यांत आधी मला कळवलं, म्हणजे आपण त्यांच्या किती जवळचे. दुपारी लक्षात आलं की पुण्याचा मामा सोडला तर त्याने मला एकटीलाच कळवलं होतं. सत्तावीस वर्षांचा मुलगा, एनस्खेडेत चांगली नोकरी, शिक्षणही तिथलंच, आणि अशा वेळी बोलावायला कोण, तर आईची मैत्रीण… ताईला याचीच धास्ती होती. मला ती तिने एकदाच, पण सविस्तर सांगितली होती.

शुभाताई मूळची कोथरूडची. आम्हा बहुतेकींसारखीच नवऱ्याच्या व्हिसावर इथे, डच मुलखात आली. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, पण “अहोजाहो केलंस तर ब्लाउज शिवणार नाही,” असं तिने पहिल्याच भेटीत बजावलं होतं. तिच्या बीकॉमला इथे कुणी विचारेना, हातातली सुई मात्र कामाला आली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने डेल्फ्टमध्ये एका गल्लीत कपडे दुरुस्तीचं दुकान काढलं. आम्ही बायका ब्लाउज घेऊन जायचो, पण दुकान चाललं ते विद्यार्थ्यांच्या जोरावर. इथल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या जुन्या संघटना असतात, ‘फेरेनिखिंग’ म्हणतात त्यांना. वर्गणी भरायची, सुरुवातीला आठवडाभर मोठ्या मुलांची दादागिरी सोसायची, मग ब्लेझर घालून वर्षानुवर्षं एकमेकांचे होऊन राहायचं. हे ब्लेझर दर आठवड्याला फाटतात. बाही खांद्यातून उसवलेली, अस्तर लोंबतंय, वर बिअरचा वास. “आधी धुऊन आण, मग हात लावीन,” असं ताई डचमध्ये सुनवायची आणि सहा-सहा फुटी पोरं मान खाली घालून परत जायची. मग ती मराठीत सुरू व्हायची, “आईबापांनी शिकायला पाठवलंय का कुस्त्या खेळायला?”

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने, इराने जेव्हा जेवताना जाहीर केलं, “आई, मी फेरेनिखिंग जॉइन करतेय, प्लीज डोन्ट फ्रीक आउट,” तेव्हा मला पहिली आठवण ताईची झाली. म्हटलं, हिचं भूत तीच उतरवील. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. घरातही मी तेच करते असं समीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्या दिवशी मी जेवण संपायच्या आत डझनभर चुका शोधल्या. पैसे, दारू, जागरणं, बुडणारा अभ्यास. डेल्फ्टचं कॉलेज घरापासून अर्ध्या तासावर, मग खोली घेऊन तिथे राहायचंच कशाला? आणि ते पहिल्या आठवड्याचं शिबिर नेमकं गणपतीत, फोनसुद्धा काढून घेतात. इरा जन्मल्यापासून आमच्या घरचा एकही गणपती तिच्याशिवाय बसला नव्हता. ती शांतपणे म्हणाली, “बाप्पा विल अंडरस्टँड.” बाप्पाला समजेल यात शंका नव्हती, प्रश्न माझा होता.

शनिवारी मी तिला दुकानात घेऊन गेले. ताईने माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि इराला म्हणाली, “आज इथेच बस. येतील त्यांचे कपडे दांडीवरून काढून दे.” मला वाटलं, चला, आता फाटक्या बाह्या बघून पोरगी शुद्धीवर येईल. दुपारभर गिऱ्हाईक येत राहिलं. एक मुलगा दुसऱ्याचाच ब्लेझर न्यायला आला. तो दुसरा तापाने पडला होता आणि त्याला दोन दिवसांनी कुठेसा ब्लेझर लागणार होता. इराने त्याला विचारलं, तुला का पाठवलं? त्याने नुसते खांदे उडवले. प्रश्नच त्याला कळला नसावा. ताईने तिला दुसरी बाजूही सांगितली. आदल्या वर्षी एक मुलगी आली होती, पहिला आठवडा संपायच्या आत सोडून. ब्लेझर विकायला ठेव म्हणाली आणि याच स्टुलावर बसून तासभर रडली. “तिचंही खरं हो,” ताई म्हणाली. “त्यांचं ओरडणं तिला सोसेना. सगळ्यांना सोसावंच असं थोडंच आहे?”

इरा कॉफी आणायला बाहेर गेली तशी ताईने मशीन थांबवलं.

“प्राची, तुझे हे सगळे मुद्दे मी निहारच्या वेळी मांडले होते. एकूण एक. ऐकलं त्याने. नाही गेला कशात.” मग थोडा वेळ ती बॉबिनशी खेळत राहिली… “तो एनस्खेडेत राहायचा त्या घरात सात पोरं. रोज एकाने रांधायचं आणि सहा वाजता सगळ्यांनी मिळून जेवायचं. आज कोण जेवायला आहे त्याची यादी स्वयंपाकघराच्या दारावर. त्या यादीत चार वर्षांत निहारचं नाव नाही. का? तर मी पाच दिवसांचे पाच डबे द्यायचे. वर वार लिहून. फ्रीजरमध्ये ठेव, रोज एक काढ. तो आपला डबा गरम करायचा आणि खोलीत नेऊन खायचा. दर शुक्रवारी घरी यायचा, रिकामे डबे घासून आणायचा. मी सगळ्यांना सांगायचे, बघा माझा मुलगा, आईला विसरला नाही. अगं, त्याला दुसरीकडे कुठे जायलाच नव्हतं.”

मला हे ऐकताना लाज वाटली, कारण निहारचं ते उदाहरण मी कितीदा इराच्या तोंडावर मारलं होतं. आमच्या अख्ख्या मराठी कंपूत तो आदर्श मुलगा होता. आपल्याकडे मूल घरी आलं की आपण खूष. ते का आलं हे विचारायचं कुणाला सुचतं?

“मग पाठवू म्हणतेस इराला?” मी विचारलं.

“मी कोण सांगणार? मी माझ्या एकुलत्या पोराचं हे करून बसले. पण तू पैसे, झोप, गणपती सगळं मोजतेयस, तर हेही मोज. नाही गेली, तर ती कुणाबरोबर जेवणार?”

इरा गेली. आम्ही परवानगी दिली असं मी म्हणते, ती म्हणते कळवलं. त्या वर्षी मी एकवीस मोदक केले आणि खायला आम्ही दोघं. आठवड्याने ती परतली तेव्हा आवाज पूर्ण बसलेला, गुडघा सोललेला, डोळ्यांखाली काळं. मी तिला काही बोलले नाही, ताईला फोन लावला. म्हणाले, “तुझ्या मुलाचं चुकलं म्हणून माझ्या मुलीवर प्रयोग केलास.” हे वाक्य मी तोंडाबाहेर काढलं, आणि आज ते मला गिळता येत नाही. ताई एवढंच म्हणाली, “असेल गं तसंही.” मग मी चार-पाच महिने दुकानाची पायरी चढले नाही.

फेब्रुवारीत बर्फावर इराची सायकल घसरली आणि मनगट मोडलं. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलींनीच तिला हॉस्पिटलात नेलं होतं, प्लास्टर करून आणलं होतं आणि “आई घाबरेल” म्हणून मला सकाळी कळवायचं ठरवलं होतं. माझा संताप संताप झाला. वरणभाताचा डबा घेऊन मी तडक तिकडे गेले. सहा वाजले होते. सात मुली टेबलाभोवती बसलेल्या, एकजण इराच्या ताटातले बटाटे कापून देत होती. माझा डबा त्याच मुलीने मधोमध ठेवला आणि सूपसारखा सगळ्यांनी वाडग्यांत ओतून संपवला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन म्हटलं, “ताई, चुकले.” तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला बोलता येईना. तिने स्टूल दाखवलं आणि उसवायला एक पँट माझ्या मांडीवर टाकली. आमचं भांडण असं मिटलं. पहिल्या वर्षी इराचा एक विषय राहिला. तो मी अजूनही फेरेनिखिंगच्याच माथी मारते, त्यात तडजोड नाही.

ताईच्या अंत्यविधीला मराठी मंडळातली माणसं आली, गिऱ्हाइकं आली, शेजारची म्हातारी डच बाई आली. सगळी ताईसाठी. निहारसाठी म्हणून आलेलं असं मला कुणी दिसलं नाही. त्याच्या ऑफिसातून एक पुष्पगुच्छ आला होता, तो त्याने स्वतःच एका कोपऱ्यात नेऊन ठेवला.

गेल्या शनिवारी निहार आणि मी दुकान आवरायला गेलो. दांडीवर तीसेक कपडे लटकत होते, प्रत्येकाला ताईच्या अक्षरातली चिठ्ठी. इराने तिच्या ग्रुपवर कळवलं होतं, त्यामुळे दुपारपासून पोरं येऊ लागली. निहार नाव विचारायचा, चिठ्ठी शोधायचा, कपडा द्यायचा. ती नुसता कपडा घेऊन जाईनात. आपल्याला त्याची आई काय काय बोलली होती ते सांगत बसली. कुणाला तिने बटण लावायला शिकवलं होतं, कुणाला वासावरून हाकललं होतं. निहार आधी मान डोलावत होता, मग एकदा मोठ्याने हसला. त्याचं हसणं ताईसारखं आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं… शेवटच्या पोराने ब्लेझर तिथेच अंगात घातला आणि निहारला विचारलं, आज संध्याकाळी जेवायला कुठे आहेस? आमचं घर पुलापलीकडेच. सहाला जेवतो. आज रांधायची पाळी माझी आहे, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नकोस.

निहारने माझ्याकडे पाहिलं. परक्या घरी कुणी खाऊ पुढे केला की लहान मूल आईकडे बघतं, तसं. माझ्या पिशवीत पोळ्या, बटाट्याची भाजी आणि मसालेभात होता, पाच डब्यांत. सकाळी लवकर उठून मी त्याच्यासाठी पुढच्या आठवड्याचे वारसुद्धा लिहिले होते. ताईने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगूनही.

“जा,” मी म्हटलं. “कुलूप मी लावते.”

दोघं पुलावरून दिसेनासे होईपर्यंत मी दारात उभी होते. मग दिवा मालवला, कुलूप लावलं आणि जड पिशवी घेऊन ट्राम पकडली. घरी आल्यावर समीरने पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, “हे काय, डबे दिले नाहीस त्याला?”

मी म्हटलं, “तो जेवायला गेलाय.”