पोरीची खंजिरी

बायको गेली त्याच साली कपाशीही हातची गेली. मोठा भाऊ म्हणे, "बिनमायची पोर हाय, उजवून टाक." मले नाही म्हणता येईना. तिवश्याचे पाहुणे पाहायला आले. पोर मान खाली घालून बसली.

"काही येते का पोरीले?" त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं विचारलं.

गावच्या भजनमंडळात ती खंजिरी शिकली होती. तीच घेऊन आली. तिनं पहिली ओळ म्हटली, तशी सवयीनं पाहुण्यांनीच टाळ्या धरून मागं म्हटली. भजन संपलं तरी तिची मान वरच होती.

त्या वडीलधाऱ्यालेच ती म्हणाली, "काका, मले बारावी करायची हाय. आताच लगन नाई करत."

पाहुणे चहा पिऊन गेले. भाऊ माझ्यावर खेकसला, "तू काहून गप्प बसला?"

मी पाहुण्यांच्या कपबशा गोळा करू लागलो. पोरच म्हणाली, "मोठेबाबा, त्यायले नका बोलू. मी बोलली ना."