एकदाच जायचा रस्ता

रजियाआपांची आणि माझी पहिली गाठ पडली तेव्हा मी हमसून हमसून रडत होते आणि त्या माझं मनगट दाबत होत्या. लग्न होऊन लोहा तालुक्यातल्या या गावात येऊन मला चारच दिवस झाले होते. सासूबाईंनी बांगड्या भरायला मणेरणीला बोलावलं होतं. माझा हात लाकडासारखा ताठ. आपा म्हणाल्या, "पोरी, हात ढिला सोड. भ्यालेल्या हातात काच फुटती." मी हात ढिला सोडला. बांगड्या भरून झाल्यावर रीतीप्रमाणे त्यांना वाकून नमस्कार केला, तर त्यांनी विचारलं, "माहेरची सय येती का गं?" त्या घरात मला असं विचारणारं पहिलं माणूस म्हणजे आपा.

या ग्रंथाच्या मंडळींनी मला दोन पानं लिहायला सांगितली आहेत. आपांच्या पंच्याहत्तरीचा ग्रंथ आहे, तेव्हा गोडगोड लिहावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असणार. मी अंगणवाडीत जन्म काढला. पोरांना गोड बोलायची सवय मला आहे. पण आपांबद्दल लिहायचं आणि स्वतःची अब्रू झाकायची, हे जमायचं नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आपांचं काम काय, हे बाहेरगावच्या लोकांना पटकन कळत नाही. त्या कधी भाषण देत नाहीत. मणेरीण म्हणून गावातल्या प्रत्येक घरात त्यांचा पाय, आणि प्रत्येक बाईचा हात त्यांच्या हातात. कोणाच्या मनगटावर वळ आहेत आणि कोणाचा हात उपासानं वाळलाय, ते त्यांना न सांगता समजायचं. शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी बाया नमाजला जमत. आमचं बायकांचं भजन एकादशीला मारुतीच्या देवळात. आपांनी दोन्हीकडं एक रीत पाडली. दुआच्या आधी किंवा आरतीच्या आधी एका बाईनं उठून आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगायचं. दुसरीनं तिच्या वतीनं बोलायचं नाही, आणि "होईल गं बाई नीट" असं म्हणून तिला खाली बसवायचंही नाही.

पुढची रीत त्याहून अवघड होती. "कचेरीत जायच्या आधी तो माणूस कोणत्या देवापुढं बसतो ते बघा," असं आपा म्हणत. "त्याच्यासंगं जे बसतात त्यांनीच त्याच्याकडं जायचं. परक्यानं गेलं की भांडण होतं. आपल्यानं गेलं की लाज वाटती." पारूबाई विधवा झाल्यावर तिचं रेशन बंद पडलं, तेव्हा दुकानदाराकडं आपा गेल्या नाहीत. तो देवळात टाळ घेऊन पुढं बसणारा, म्हणून आम्ही भजनातल्या आठ बाया गेलो आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. त्यानं मान खाली घालून ज्वारी मोजून दिली. मशिदीतल्या एका बड्या माणसानं बहिणीचा हिस्सा दाबला, तेव्हा मात्र आपा शुक्रवारच्या बाया घेऊन स्वतः गेल्या. त्याबद्दल त्यांना स्वतःच्याच जमातीत दोन वर्षं कोणी सणाला बोलावलं नाही.

याच पारूबाईचा नवरा गेला त्या दिवशीची गोष्ट. बायकांनी तिच्या बांगड्या फोडायला दगड आणला. आपांनी तो घेऊन बाजूला ठेवला, साबणाचं पाणी मागवलं आणि एकेक बांगडी हलक्या हातानं उतरवली. "म्या भरल्यात, म्याच काढते. काच फोडायला माझा हात उचलत न्हाई," एवढंच बोलल्या. वर्षश्राद्धानंतर हिरव्या नव्हे, निळ्या बांगड्या घेऊन त्या पारूबाईच्या दारात हजर. गावात लई बोभाटा झाला. आज आमच्या गावात विधवेचा हात मोकळा दिसत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट.

ओढ्यापलीकडं आमच्या गावचं स्मशान आणि कब्रस्तान शेजारी शेजारी होतं. तिकडं जायची वाट आमच्या शेताच्या बांधावरून, ओढ्याच्या मोरीवर निघणारी. दर नांगरटीला आमचे मालक त्या वाटेचा एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, शेतात ओढत गेले. कोणी काही बोललं नाही, तसं त्यांचं बळ वाढलं. एका उन्हाळ्यात त्यांनी बांधाच्या तोंडाला बाभळीची काटी लावून वाटच बंद केली. "सोयाबीन तुडवत मयत नेतात," हे त्यांचं म्हणणं. मग मयत ओढ्यातून न्यायची पाळी आली, हिंदूचं असो की मुसलमानाचं.

आपांनी अर्ज करायचं ठरवलं. मी लिहितीवाचती, म्हणून कागद माझ्याकडं आला. आणि आपांच्या रीतीनं बघितलं तर आमच्या मालकांकडं जायचं कोणी? ते देवळात पखवाज वाजवणारे. त्यांच्यासंगं बसणारी सगळ्यात जवळची बाई मी. हे आपांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. आमच्या दारात बांगड्या भरायला यायच्या, मालकांना सलाम करायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. माझी वाट बघत होत्या त्या.

मी काय केलं? एका अर्जाचे दोन अर्ज केले. देवळातल्या सह्या स्मशानासाठी, शुक्रवारच्या बायांच्या सह्या कब्रस्तानासाठी. आपांना सांगितलं, "दोन अर्ज गेले तर वजन जास्त पडंल." खरं कारण वेगळं होतं. स्मशानाला सडकेलगत नवी जागा मिळण्यासारखी होती. ती मिळाली की निम्मं गाव गप्प बसेल आणि घरात मला तोंड उघडावं लागणार नाही, हा माझा हिशोब. आपा कागदाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "एकाच कागदावर राहू दे की, सुमन. मेल्यावर शेजारीच झोपायचं हाय." मी ऐकलं नाही. एवढी शहाणी मी!

झालं तसंच. स्मशानाला नवी जागा मंजूर झाली, पत्र्याचं शेड उभं राहिलं. कब्रस्तानाच्या अर्जाला उत्तर आलं की वाट खाजगी शेतातून जाते, शेतमालकाची संमती जोडा. कबरी काही उचलून सडकेलगत नेता येत नाहीत. आमच्या भजनातल्या बायांना आपला रस्ता मिळाला, मग त्या अर्जाचं नाव कोणी काढेना. पारूबाईसाठी दुकानाच्या पायरीवर आम्ही आठ जणी बसलो होतो, त्यातल्या दोघीही आता या कामाला येईनात. आपांनी वीस वर्षं खपून जे जोडलं होतं ते मी एका दुपारी दोन कागदांवर तोडलं.

त्याच पावसाळ्यात आपांचे पती करीमभाई वारले. मी बांधावर उभी होते. कमरेच्या वर पाणी. माणसांनी जनाजा डोक्यावर धरला होता. मधोमध एकाचा पाय घसरला आणि जनाजा एका अंगाला कलला. चौघांनी सावरला, पण एक बाजू भिजलीच. माझ्यापासून दहा पावलांवर काटी होती. तिच्यापलीकडं कोरडी वाट. पोरं काटी उपटायला निघाली होती, पण आपांनी घरातून निरोप धाडला होता, मयताच्या दिवशी भांडण नको. मी तरी ती उपटावी की नाही? नाही उपटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चार दिवसांनी भेटायला गेले. आपा इद्दतीत, नवऱ्यामागं बाईनं घराबाहेर न पडायच्या मुदतीत, बसलेल्या. मला म्हणाल्या, "सुमन, पाणी लई होतं का गं?"

मी म्हटलं, "न्हाई आपा. गुडघ्याएवढं होतं."

त्यांच्या अंगणात दोरीवर पुतण्यांचे सदरे तेव्हाही वाळत होते, गळ्यापर्यंत चिखलाचे. आपांनी त्या सदऱ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "आम्ही बाया कब्रस्तानात जात न्हाई. त्या रस्त्यानं आम्हाला एकदाच जायचं असतं, ते बी दुसऱ्याच्या खांद्यावर. म्हणून इचारलं." मग मला चहा करून द्यायला सुनेला हाक मारली.

या गोष्टीलाही पुष्कळ वर्षं झाली. आता आपांना जिना चढवत नाही, धाप लागते. नांदेडच्या डॉक्टरांनी बांगड्यांची पेटी उचलायची नाही असं बजावलंय. तरी शुक्रवार चुकत नाही. चार बाया येतात, कधी तीनच.

गेल्या एकादशीला आरतीआधी मी उठले. आपल्या रीतीत दुसऱ्याचं दुखणं सांगायचं नसतं, म्हणून माझंच सांगितलं. म्हणाले, "माझ्या घरच्यांनी मयताची वाट अडवलीय, आणि मी इतकी वर्षं गप्प बसले. मला त्याची लाज वाटती." आमचे मालक पखवाज मांडीवर घेऊन समोरच होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी पखवाज खाली ठेवला आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. काटी आहे तिथंच आहे. आपांच्या कानावर गेल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "जेवतात का गं तुझ्या हातचं?" मी म्हटलं, जेवतात. "मग थांब जरा," म्हणाल्या.

कब्रस्तानाच्या वाटेचा नवा अर्ज मी लिहून ठेवला आहे, दोन्हीकडच्या सह्यांसाठी एकाच कागदावर. भजनातल्या तिघींनी सही केली, बाकीच्या "बघू" म्हणाल्या. संमतीची जागा कोरी आहे. रोज जेवणाच्या ताटाशेजारी तो कागद ठेवते. मालक जेवून उठतात, मी कागद उचलून फडताळात ठेवते.

आपा, या ग्रंथात सगळे तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य मागतील. तुम्हाला चांगली प्रकृती मिळो, श्वास मोकळा राहो, हे मीही मागते. पण माझं मागणं स्वार्थाचं आहे. आणखी थोडं थांबा. तुम्हाला ओढ्यातून न्यायची वेळ आमच्यावर आणू नका. काटी माझ्या घरची आहे, आणि ती अजून निघालेली नाही.