माझ्या फोनवर आलेल्या गुरुजींच्या नोटिसा

लिहायला बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मी तरी कुठे लिहिणारा? बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, लोणखेड्यात खोली घेऊन राहतो. पण हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही — बाबांना नाही, खोलीतल्या मित्रालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल.

आमचा पाडा डोंगरात, काठी गावाच्याही वर आहे. तिथल्या शाळेत एकच गुरुजी होते, आमच्याच समाजातले. बारावीनंतर मला कॉमर्सला त्यांनी घातलं. प्रवेशाच्या दिवशी एस.टी.ने सोबत आले, रांगेत माझ्याऐवजी उभे राहिले. हे आधी सांगतो — पुढचं वाचताना तुम्हाला ते ठाऊक असावं.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी अक्कलकुव्यात आप्पांच्या दुकानात कामाला होतो. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आणि जून-जुलैत डोंगरातल्या शिक्षकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न. शिक्षक बाजाराच्या दिवशी कागद टाकून वर निघून जायचे. मग आम्ही रिटर्न भरायला घेतला, की ओटीपी विचारायला त्यांना फोन लागायचा नाही. वर रेंज कुठे?

"तुन्हाच नंबर टाकी दे," आप्पा म्हणाले. "ईमेल बी तुन्हाच. मास्तर काय झाडवर चढीसन ओटीपी सांगी का?"

दुकानात सगळे हसले. मीही हसलो. चार-पाच शिक्षकांच्या खात्यांवर माझा नंबर गेला. गुरुजींच्याही.

आप्पांच्या दुकानात प्रत्येकाला रिफंड निघायचा. कसा, ते मला आठवड्यात कळलं. कुठे नसलेलं घरभाडं, कुठे न दिलेली देणगी. गुरुजींचा रिटर्न मी एकट्याने भरला. घरात दिव्यांग माणूस सांभाळत असाल तर करात सूट मिळते — तो रकाना मी उघडला आणि त्यात त्यांच्या मुलीचं नाव लिहिलं. ती नर्सिंग शिकते. तालुक्याला खो-खो खेळलेली मुलगी. आप्पांनी सांगितलं होतं का? नाही. गुरुजींनी? त्यांना तो रकाना असतो हेच माहीत नव्हतं.

रिफंड आला तेव्हा गुरुजी जिलेबी घेऊन दुकानात आले. "आमचं पोरगं आहे हे, आप्पा," म्हणाले. "सरकारकडून पैसे काढतं!"

पण खरं सांगायचं ते हे नाही. मी अजून बाजूबाजूनेच चालतो आहे.

पहिली ईमेल दुसऱ्या वर्षी आली. मी कॉलेजच्या कँटीनमध्ये होतो, पोहे खात होतो. गुरुजींच्या नावाने होती — सवलतीचा पुरावा द्या, नाहीतर रिटर्न दुरुस्त करून भरा. मुदत दिलेली होती. त्या मुदतीत सांगितलं असतं, तर घेतलेला रिफंड आणि थोडं व्याज भरून सुटले असते. हे मला कळत होतं. हाच तर माझा विषय. मी ईमेल वाचली, पोहे संपवले, तासाला गेलो. काही वाटलं का? आठवत नाही. खरंच आठवत नाही. मग दुसरी आली. तिसरी आली. शेवटच्या ईमेलमध्ये दंड होता — बुडवलेल्या कराच्या दुप्पट, वर कर आणि व्याज वेगळं. प्रत्येक वेळी मी ती उघडून वाचायचो आणि फोन खिशात ठेवायचो. चार वेळा.

या वर्षी गुरुजी निवृत्त झाले. त्यानंतर कागद टपालाने त्यांच्या घरी पोचला. रेंज मिळते त्या टेकडीवर चढून त्यांनी मला फोन केला.

"बेटा, इन्कम टॅक्सचं पत्र आलंय. आधी तीन-चार वेळा कळवलं म्हणतात. तुझ्याकडे काही आलं होतं का रे?"

"नाही, गुरुजी," मी म्हणालो. "काहीच नाही आलं."

"मग त्यांचंच काही चुकलं असेल," ते म्हणाले.

हेच ते. मी त्यांच्याशी खोटं बोललो, आणि तेही त्यांनी माझ्या बाजूने लावून घेतलं. त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही.

परवा बाबांचा फोन आला. घरचं विचारून झालं, मका विचारून झाला. मग त्यांनी सांगितलं — गुरुजींनी निवृत्तीच्या पैशांतून सगळं भरलं, दंडासकट. मुलीची पुढची फी सध्या थांबली आहे, ती घरी आली आहे. पाड्यात कुणाचाही सरकारी कागद आला की तो वाचायला गुरुजींकडे जायचा. बाबा आमच्या वनपट्ट्याचा — जंगलातल्या शेतीच्या हक्काचा — कागद घेऊन गेले, तर त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"गुरुजी म्हणतात, मी शिकलेला नाही," बाबा म्हणाले. "न वाचता सही करणारा माणूस, म्हणे. तुझ्या पोराला दाखव, तो खरं काय ते सांगेल."

कागदाचा फोटो बाबांनी पाठवला होता. मी तो त्यांना वाचून दाखवला.