पाठमोरी पाखरं

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, हे पक्ष्यांवर जिवापाड प्रेम करणारे आणि एकाही पक्ष्याला जागेवर बसू न देणारे जगातले एकमेव पक्षीनिरीक्षक असावेत. त्यांची उभी हयात मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारण्यात गेली, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. निवृत्तीनंतर मुलीने कॅमेरा घेऊन दिला आणि कळंबा तलावाची शांतता संपली. दाजी चिखलात पालथे पडून तासभर दम धरत. बदक टप्प्यात येई, आणि नेमके तेव्हाच ते मला हळूच सांगत, "आलं रं आलं, हिकडंच बघाय लागलंय." बदक उडे, मग बटण दाबले जाई. अशी शेकडो पाखरं त्यांच्या संग्रही आहेत, सगळी पाठमोरी. "एकदा तरी त्या बदकाचं तोंड दावा की मला," असं ताई म्हणायची. दाजींनी ते फार मनावर घेतलं होतं.

त्यात त्यांचा जीव चक्रवाकांवर. ही भगव्या अंगाची बदकं थंडीत हिमालयापलीकडून येतात, म्हणून दाजींच्या लेखी ती पावणं. जोतिबाची चैत्रयात्रा तोंडावर आली की ती परत निघतात, आणि पाहुण्याला मुकाट्याने जाऊ देणं दाजींच्या रक्तात नाही. दर वर्षी बांधावर उभं राहून, तोंडाभोवती हात धरून ते आरोळी ठोकत, "यावा पावणं पुढच्या सालाला!" सगळा तलाव एकदम आभाळात. ट्रायपॉड लावून बसलेली मंडळी आमच्याकडे अशी बघत, की मी दाजींना ओळखतच नसल्यासारखा चपलेचा चिखल काढत बसे. एकदा एकाने हटकलंच. दाजी म्हणाले, "अवो, घरातनं पावणं निघालं तर तुमी गप बसता व्हय?"

यंदा हिवाळ्यात दाजींच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र कायमचा गेला. शिमगा झाल्यावर मीच त्यांना तलावावर नेलं. चक्रवाकांची जोडी चरत चरत दहा पावलांवर आली, मान वर केली आणि थेट कॅमेऱ्यात बघितलं. इतकी वर्षं हुकत आलेला फोटो मिळाला, अगदी डोळ्यांतल्या चमकेसकट. मी आनंदाने त्यांच्या पाठीवर थाप मारली, पण दाजींनी फोटोकडे धड पाहिलंही नाही. ते बांधावर गेले, तोंडाभोवती हात धरले, आणि नुसती हवा बाहेर आली. मला ते बघवेना.

मग मीच उभा राहिलो. इकडेतिकडे बघत, जमेल तेवढ्या जोराने ओरडलो, "यावा पावणं पुढच्या सालाला!" एका बदकाने मान वळवली आणि पुन्हा चरायला लागलं.

दाजींनी खिशातून मोबाइल काढला, बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"आपरेशन माझं झालंय का तुझं? परत वरड."

मी परत ओरडलो. या वेळी ती जोडी उठली, तलावावर एक फेरी मारून उत्तरेला वळली. कॅमेरा दाजींच्या गळ्यातच होता. त्यांनी तो उचलला नाही. पाखरं दिसेनाशी होईपर्यंत ते हात हलवत उभे राहिले.