सुप्रियाच्या सोप्या शंका

"सर, एक छोटीशी शंका होती. मोबाइलसाठी व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना साइज कोणती ठेवायची?"

पुन्हा सुप्रियाचाच फोन. मी नेमका जेवायला बसलो होतो. एक्स्पोर्ट म्हणजे तयार झालेला व्हिडिओ शेवटी फाइल करून बाहेर काढणं. आमच्याकडे हे अगदी सुरुवातीला शिकवतात, आणि सुप्रिया तर ते वर्गातल्या इतरांना शिकवायची. "उभा की आडवा?" मी विचारलं. ती म्हणाली, "उभा." मी साइज सांगितली. "हो हो, बरोबर," असं म्हणून ती लाइनवर तशीच थांबली. माझा भात निवत होता. मी फोन ठेवला.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात डिजिटल मीडिया शिकवतो. पूर्वी एका साप्ताहिकात पानं लावायचो. ते काम गेलं तेव्हा वेबसाइट बनवायला शिकलो. पुढे वेबसाइट ज्याची त्याला करता यायला लागली, मग व्हिडिओकडे वळलो. त्यामुळे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, की इथलं सॉफ्टवेअर तुम्ही नोकरीला लागेपर्यंत जुनं झालेलं असेल, तेव्हा नवीन कसं शिकायचं तेवढं शिकून घ्या. सिलॅबसमध्ये दर जूनला काहीतरी काढतो, काहीतरी घालतो. एआय आलं, तेही घातलं. मुलांच्या तयारीत काही म्हणजे काही राहू नये, हा माझा हट्ट.

सुप्रिया त्या तयारीचा नमुना होती. आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका गावातली. वडील बोटीवर, आई मासळी बाजारात बसते. तिला बंगळुरूच्या एका एजन्सीत रिमोट नोकरी लागली. रिमोट म्हणजे ऑफिसात जायचंच नाही, घरातल्या टेबलावर काम करायचं. कोकणातल्या मुलीला घर न सोडता नोकरी, म्हटल्यावर आमच्या प्रिन्सिपलनी तिचा फोटो अ‍ॅडमिशनच्या फ्लेक्सवर घेतला.

फोन मात्र थांबेनात. कधी फॉन्टची शंका, कधी थंबनेलची. थंबनेल म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसतं ते चित्र. सगळ्या शंका तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतील अशा. मी मास्तर माणूस, प्रश्न आला की तो मुळापासून सोडवायचा. एक रविवार घालवून मी सगळ्या सेटिंग्जची एक सुंदर पीडीएफ बनवली, अनुक्रमणिकेसकट. खाली लिहिलं, 'आता तुला मला काही विचारावंच लागणार नाही.'

तिच्याकडून अंगठा आला. फोन बंद झाले. मला फार बरं वाटलं.

काही दिवसांनी बांगडे घ्यायला बाजारात गेलो, तर तिच्या आईने हाक मारली.

"सर, सुप्री नोकरी सोडतेय. तुमाला म्हायत हाय ना?"

मला काहीच माहीत नव्हतं. "का? पगार वेळेवर देत नाहीत का?"

"पगाराचं काय नाय ओ. पोर बोलतच नाय. कानात ती बोंडं घालायची नि भिताडाकडं तोंड करून बसायचं. आता म्हणते, तुज्याबरोबर बाजारात बसते." तिने बांगडे पिशवीत टाकले. "मी म्हटलं, येवढं शिकून मासळी इकणार? तर म्हणते, तिथे निदान भांडायला माणसं तरी असतात."

संध्याकाळी मीच सुप्रियाला फोन केला.

"काम जड जातंय?"

"नाही सर. काम सोपं आहे."

"मग बॉस त्रास देतो?"

"बॉस मी पाहिलेलाच नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद, सगळे म्यूटवर. काम आवडलं तर अंगठा येतो, नाही आवडलं तर कमेंट येते. आईबाबा सकाळी बाहेर पडतात. मग दिवसभर माझा आवाजच निघत नाही. परवा कुरिअरवाला आला, त्याच्याशी बोलायला गेले, तर घसा बसलेला."

"अगं, मग मला फोन करायचास."

"करत होते की सर," ती म्हणाली. "तुम्ही पीडीएफ पाठवलीत."

वाईट याचं वाटलं, की ही गोष्ट मला तरी कळायला हवी होती. माझी बायको बँकेत, तिची बदली सोलापूरला. मी घरी गेलो की आधी टीव्ही लावतो आणि त्याच्याकडे पाठ करून स्वयंपाक करतो. टीव्हीवर काय चाललंय ते मला कधीच सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेलो.

"सोडतेय?" ते म्हणाले. "अहो, फ्लेक्स लावून झालाय."

"तिला आपल्या लॅबमध्ये बसून काम करू द्या. मागची खिडकीजवळची जागा रिकामीच असते."

"बाहेरची व्यक्ती? वीज, इंटरनेट, उद्या कोणी विचारलं तर?"

"व्हिजिटिंग लेक्चरर म्हणून दाखवा. मानधन मागणार नाही ती."

"मानधन नसेल तर काही हरकत नाही," प्रिन्सिपल लगेच म्हणाले.

सुप्रिया लॅपटॉप घेऊन यायला लागली. सुरुवातीला नुसती बसायची. मग मुलं तिला शंका विचारायला लागली, आणि एके दिवशी कुठल्याशा फॉन्टवरून तिचं एका पोराशी चांगलंच वाजलं. मी फळ्याकडे तोंड करून ते भांडण शेवटपर्यंत ऐकलं. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. दुपारचा चहा आम्ही दोघं खिडकीशी घ्यायचो. त्या दिवसांत घरी जायची मला घाई नसायची.

पुढे एजन्सीने तिला टीम लीड केलं आणि बंगळुरूच्या ऑफिसात बोलावलं. म्हणजे चार मुलांचं काम ती बघणार, आणि ती मुलंही समोर बसलेली. मी जा म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बसवर सोडायला गेलो, तर तिच्या आईने मलाही सुक्या बांगड्यांची एक पिशवी दिली.

यंदाच्या सिलॅबसमध्ये मी एक तास वाढवलाय, घरून एकट्याने काम कसं करावं. प्रिन्सिपलनी विचारलं, "याची परीक्षा कशी घेणार?" तो तास मी अजून घेतलेलाही नाही. त्यात काय शिकवायचं हे मलाच नीट माहीत नाही.

परवा शनिवारी मुलं लवकर गेली. लॅब बंद करता करता मी सुप्रियाला फोन लावला.

"बोला ना सर." तिच्या मागे माणसांचा गलका होता.

"विशेष काही नाही. एक छोटीशी शंका होती. मोबाइलसाठी एक्स्पोर्ट करताना साइज कोणती ठेवायची गं?"

मग गलका कमी झाला, म्हणजे ती उठून बाहेर आली असणार.

"उभा की आडवा, सर?"

"उभा."

तिने साइज सांगितली, सावकाश, एकेक आकडा दोनदा म्हणून. आडव्याचीही सांगितली. मग फॉन्टचं सांगितलं, थंबनेलचं सांगितलं, आणि संध्याकाळी जेवायला काय करणार तेही विचारलं.

पीडीएफ काही पाठवली नाही.